फ्लाइंग बोटीला मराठीत काय म्हणायचं?

सोव्हिएत युनियनच्या एका छोट्या विमानावर लिहितेय, इगोर चेतवेरिकोव यांनी डिझाइन केलेलं एसपीएल नावाचं. 1935 मध्ये सेवास्तोपोलला त्याच्या चाचण्या झाल्या. माणसं दोन, इंजिन 100 हॉर्सपॉवरचं, आणि पंख मागे दुमडले, वरचं इंजिनही मागे झोपवलं की अख्खं विमान पाणबुडीवरच्या अडीच मीटर व्यासाच्या नळकांड्यात मावेल अशी रचना. नौदलाने ते शेवटी वापरात घेतलं नाही. मी "जलविमान" लिहिलंय पण मनाला पटत नाहीये, दुसरं काही सुचवा ना.

> जलविमान बरोबरच आहे की, पाण्यावर उतरतं ना? वाचणाऱ्याला लगेच कळतं.

> कळतं, पण अर्धवट. जलविमानात दोन्ही प्रकार येतात. फ्लोटप्लेन म्हणजे साधंच विमान, चाकांच्या जागी खाली फ्लोट (पाण्यावर तरंगणारे पोकळ भाग) लावलेले, विमानाचं पोट पाण्याला लागतच नाही. ब्रिटिशांच्या एम-2 पाणबुडीवरचं पेटो तसलं होतं (ती पाणबुडी 1932 च्या जानेवारीत 60 जणांना घेऊन बुडाली, वाचताना अजून गलबलतं). फ्लाइंग बोटीत पोटच होडीचं असतं, तेच पाण्यावर टेकतं. म्हणून ताई, शब्दात होडी किंवा बोट हवीच.

हो हो, हेच म्हणायचं होतं मला! रशियनमध्ये तर किती छान आहे बघा, पाणबुडी म्हणजे "पदवोद्नाया लोद्का", पाण्याखालची होडी, आणि फ्लाइंग बोट म्हणजे "लेतायुश्चाया लोद्का", उडती होडी. दोघीही होड्याच, एक दुसरीला पाठीवर घेऊन जाणार होती. आपल्या पाणबुडीत होडी कुठेच नाही, तो शब्द बुडी मारण्यावरून आलाय, त्यामुळे हे नातं मराठीत आणायचं तर "उडती होडी" शब्दातच आणावं लागेल. उडती बोट म्हटलं तर मोठ्ठी आगबोट डोळ्यासमोर येते, ही तर एवढीशी.

> उडती होडी मस्तच. अजून एक, पंखांखाली टोकाकडे छोटे फ्लोट असतात ना, कलंडू नये म्हणून? आमच्याकडे मालवणला होडीला त्याच कामासाठी बाजूला लाकूड बांधतात, त्याला उलांडी म्हणतात.

उलांडी! घेतलाच हा शब्द. जलविमान खोडून टाकते आत्ता.