घ्यायला गेले की लेक तोंड फिरवते, माझ्या लहानपणाचा परिणाम असेल का?

विट्याची_लेक
नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. माझं माहेर विट्याजवळ, आईवडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइमतूरला आणि मी दीड वर्षाची असल्यापासून गावी आज्जीकडे. आई दिवाळीला आणि जत्रेला यायची तेव्हा मी आज्जीच्या पदराआड लपायचे, आणि काका म्हणायचे म्हणून मीपण तिला वहिनीच म्हणायचे. आज्जीनं काही कमी केलं नाही हां. पण आता सांगलीत संसार आहे आणि नवऱ्याला यायला उशीर झाला की मी भांडत नाही, बोलणंच बंद होतं माझं, ताट झाकून ठेवते आणि झोपते, त्यानं विचारलं की "काही नाही". लेक 14 महिन्यांची, दोन महिने झाले पाळणाघरात जाते. परवा घ्यायला गेले तर माझ्याकडं बघितलं, तोंड फिरवलं आणि परत डबे वाजवत बसली. रात्री मोबाईलवर अटॅचमेंट थिअरी वाचली, म्हणजे लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्याबद्दलची, त्यात अव्हॉइडंट, म्हणजे आईला टाळणारी मुलं अशीच करतात म्हणे. तेव्हापासून झोप नाही. माझंच तिच्यात उतरलं का?

वारणाकाठ
ताई, मी समुपदेशनाचं काम करते. एका संध्याकाळवरून असं लेबल लावता येत नाही, आधी तेवढी भीती काढून टाका. हे प्रकार ज्यावरून ठरवतात ती चाचणी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला बसवली, साधारण 12 ते 18 महिन्यांची मुलं, अनोळखी खोली, 20 एक मिनिटं, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं याकडं त्यांचं जास्त लक्ष होतं. पण त्याच्या जोडीला त्यांनी त्या मुलांच्या घरी वर्षभर तासन्‌तास बसून बघितलेलं होतं, त्याआधी युगांडातही घरोघरी जाऊन. तुमची लेक दिवसभराची दमलेली, डब्यात रमलेली. आणि हा शिक्का मुलावर नसतोच, त्या एका नात्याबद्दल असतो, त्याच मुलाचं आईशी एक आणि बाबांशी वेगळं असू शकतं. तुमच्या बाबतीत आज्जी हेच तुमचं हक्काचं माणूस होतं, ते लहानसहान नाही.
पुढं मेरी मेन या त्यांच्याच विद्यार्थिनीनं मोठ्या माणसांना त्यांचं लहानपण सांगायला लावलं. तेव्हा दिसलं की काय घडलं याच्याइतकंच, किंबहुना जास्त, ते आज कसं सांगता येतं याला महत्त्व आहे. तुम्ही वर जे लिहिलंय ना, पदर, वहिनी, कुणाला दोष न देता, ते नवऱ्याला वाचून दाखवा.

अजिंक्यताऱ्याखाली
वडील फौजेत, सुट्टीवर आले की मी त्यांच्या ट्रंकेजवळ उभा राहायचो, त्यांच्याजवळ नाही. जॉन बोल्बी, ज्यांनी हे सगळं मांडलं, त्यांना सांभाळणारी दाई ते चार वर्षांचे असताना घर सोडून गेली होती, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. बायकोला मी आता एवढंच सांगतो, "आज मी गप्प आहे पण तुझ्यावर राग नाही". तेवढं बोलायला मला सहा वर्षं लागली.

पाळणाघरवाल्या_काकू
अगं बाळा, वीस वर्षं पोरं सांभाळते. सकाळी तिची नजर चुकवून पळू नकोस, रडली तरी चालेल, सांगून जा, आणि "जाते" नको, "येते" म्हण. संध्याकाळी लगेच उचलायला जाऊ नको. पर्स बाजूला ठेव, खाली बस, तीपण डबा वाजवतेय तर तूपण वाजव. येतं लेकरू आपसूक.

विट्याची_लेक
काकू, आज बसले. पाचसात मिनिटं बघितलंच नाही माझ्याकडं, मग एक झाकण आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच टेकली.
आणि रात्री आईला फोन केला, पहिल्यांदाच विचारलं की दिवाळीला आलीस तरी मला जवळ का घ्यायची नाहीस. तर म्हणाली, आज्जीनं सांगितलेलं, पोर बुजलंय, तिसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नको, आपणहून येईल. आणि तिसऱ्या दिवशी मी यायचे म्हणे, चौथ्या दिवशी त्यांची गाडी असायची.
नवऱ्याला उद्या वाचून दाखवते.