काशी: चार दिवस, आईचे गुडघे आणि पंचगंगा घाट

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन काशीला निघालेय. आम्ही दोघीच. साताऱ्याहून मुंबई आणि तिथून महानगरी एक्सप्रेस, तिकिटं झालीत. प्रवासाचे दिवस सोडून हातात चार दिवस उरतात.

अडचण अशी की आई ७३ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर काठी टेकत अर्धा तास चालते, पण पायऱ्या उतरताना तिचा हात धरावा लागतो. आणि काशी म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, असं जो तो सांगतोय. एका ओळखीच्यांनी दिवसभराची टुरिस्ट बस घ्या म्हणून सुचवलं, दुसरे म्हणतात नावेशिवाय काशी नाही, तिसरे म्हणतात गल्ल्यांतून पायीच फिरायला हवं. तिघांचंही खरं असणार, पण आईला झेपेल असं या तिन्हींतलं काय आणि किती?

आणखी एक. आई दर चातुर्मासात एकनाथी भागवत वाचते. नाथांनी ते पैठणला सुरू केलं आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पुरं केलं. नाथ पंचगंगा घाटावर राहिले होते हे तिच्या मनात पक्कं आहे. तिचं एकच मागणं आहे: "बाकी काही दाखवू नकोस, पंचगंगेवर घटकाभर बसव." तेवढं तरी व्हायलाच हवं. कुणी स्वतः म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर जरूर लिहा.

ब्रह्माघाटची लेक

कृष्णाकाठताई, तुमच्या आईंचं मागणं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझं माहेर काशीचं, ब्रह्मा घाटाचं. पंचगंगेच्या पुढे दुर्गा घाट, त्याच्या पुढे आमचा. घरात मराठी, दारात बनारसी, अशी वाढले. लग्न होऊन पुण्यात आले त्याला एकतीस वर्षं झाली, पण वर्षाआड जाते. माझ्या आईचे गुडघे तुमच्या आईंसारखेच होते, म्हणून हे सगळं अनुभवाचं आहे.

आधी गावाची ठेवण समजून घ्या, मग बस, नाव, पाय यांचं कोडं आपोआप सुटतं. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. सगळे घाट एकाच काठाला, पश्चिमेच्या, आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला. पलीकडे नुसती रेती. दक्षिणेला अस्सी, उत्तरेला राजघाट, मध्ये सहा-सात किलोमीटरचा वळणदार काठ आणि त्यावर चौऱ्याऐंशी घाट. घाटांच्या माथ्यावर गल्ल्या, आणि गल्ल्यांच्या मागे मोटारीचा रस्ता. जुन्या गावात गाड्या येतात त्या दक्षिणेकडून गोदौलियापर्यंत आणि उत्तरेकडून मैदागिनपर्यंत. त्याच्या आत स्वतःचे पाय, नाहीतर सायकलरिक्षा.

आता पायऱ्यांचं. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगते. पावसाळ्यात गंगा चढते तेव्हा खालच्या पायऱ्या, कधीकधी अख्खे घाटच पाण्यात जातात. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गुडघाभर गाळ उरतो आणि तो पंप लावून पाण्यानेच धुऊन काढतात. जानेवारीत पाणी पार खाली असतं. म्हणजे त्या दिवसांत नावेतून उतरून वर गल्लीत यायचं तर चढायच्या पायऱ्या सगळ्यात जास्त. पंचगंगेची चढण तर फारच उभी आहे. माझी आजी रोज पहाटे तांब्याची कळशी घेऊन ती चढायची, दर दहा-बारा पायऱ्यांना कळशी टेकवून "हर गंगे" म्हणायची. लहानपणी मला वाटायचं तो देवाचा नेम आहे. मोठी झाल्यावर कळलं, ती दम घेत होती.

म्हणून माझं सांगणं: घाट नावेतून बघा, पण पंचगंगेला वरून या. नावेतून तिथे उतरू नका.

नावेसाठी अस्सीला जा. तिथे रिक्षा घाटाच्या अगदी जवळ येते आणि बसायला ऐसपैस जागा आहे. पहाटे 'सुबह-ए-बनारस'ची आरती आणि गाणं चालतं, ते आईंना खुर्चीवर बसून ऐकता येईल. उजाडल्यावर नाव घ्या, अख्खी नाव, दोघींसाठीच. भाडं आणि कुठे उतरवायचं हे पाय ठेवण्याआधी ठरवा. प्रवाहाबरोबर उत्तरेला जायचं, म्हणजे घाट सबंध वेळ डाव्या हाताला आणि सूर्य उजव्या. आईंना डाव्या कडेला बसवा. जानेवारीत धुकं दाट असतं, समोरची नावसुद्धा दिसेनाशी होते. तसं असेल तर हट्ट करू नका, नऊ-साडेनऊला निघा. कोवळ्या उन्हात दगड मधासारखा दिसतो आणि थंडीत उतरलेले कुरव पक्षी नावेभोवती ओरडत फिरतात.

आणि या वाटेवर आईंना आपलं काय काय आहे ते दाखवत जा, कारण नावाडी ते सांगेलच असं नाही. अस्सीच्या मागे भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान. त्यांचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीत होते, तेव्हा मनू इथे जन्मली. पुढे राजा घाट, अमृतराव पेशव्यांचा. दशाश्वमेधाच्या अलीकडे अहिल्याबाई घाट. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनीच १७८० मध्ये बांधलं. मणिकर्णिकेवर चिता जळत असतात. तिथे नावाड्याला थांबायला सांगू नका, फोटो काढू नका, हात जोडून पुढे जा. तिला लागूनच शिंदे घाट, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा. त्याच्या पायाशी ते कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. वर्षाचा बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. मग नागपूरकरांचा भोसले घाट, काळसर दगडाचा, किल्ल्यासारखा. तिथून गणेश घाट, राम घाट, बालाजी घाट... मराठी माणसांनी बांधले किंवा मराठी माणसांनी वसवले. बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेब तासन्‌तास सनईचा रियाज करायचे, आमच्या घरातली म्हातारी माणसं ते ऐकून झोपेतून उठलेली आहेत.

मग पंचगंगा. नाव इथे मधोमध जरा थांबवा. वर आलमगीर मशीद दिसेल. पूर्वी तिथे बिंदुमाधवाचं मोठं देऊळ होतं, ते औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं. खाली दगडी दीपमाळ दिसेल, ती अहिल्याबाईंची म्हणतात. कार्तिकात तिच्यावर दिवे लावतात आणि बांबूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात. आईंना म्हणावं, हेच ते पाणी, नमस्कार कर, वर आपण उद्या येणार आहोत. पुढे जाऊन नमो घाटावर उतरा. तो नवा बांधलाय, उतार केलेला आहे, रिक्षाही बाहेर मिळते.

दुसऱ्या दिवशी मैदागिनहून काळभैरवापर्यंत रिक्षा. भैरवाचं दर्शन घ्या, तिथून ब्रह्मा घाट-पंचगंगेकडे जाणारी गल्ली धरा. वाट अरुंद आहे पण जवळजवळ सपाट. मोटारसायकल आली की आईंना भिंतीकडे घ्या, गाय आली की तुम्हीही भिंतीकडे व्हा. दारांवरच्या पाट्या बघत चला, मराठी आडनावं दिसतील. गागाभट्टांचं घराणं पैठणहून येऊन याच काशीत रुजलं होतं. घाटाच्या माथ्यावर आजचं बिंदुमाधवाचं देऊळ आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. तुम्ही साताऱ्याच्या, म्हणजे तुमच्याच मुलखाचं. सावळी, शाळिग्रामाची मूर्ती. थोड्या पायऱ्या आहेत, पण हात धरून होतील. तिथून गंगा खाली अख्खी दिसते. पोथी बरोबर असेल तर तिथे बसून अध्याय वाचू द्या. कुणी काही म्हणणार नाही. उलट पाणी आणून देतील.

विश्वनाथासाठी वेगळा दिवस ठेवा. २०२१ पासून मंदिराभोवती मोठं मोकळं आवार झालंय. मोबाइल आत नेता येत नाही, तो राहण्याच्या जागीच ठेवून निघालात तर उत्तम.

थंडीतच मिळणारी 'मलइयो' नक्की खा. दूध उकळून रात्री दवात ठेवतात, पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात, केशराचा पिवळा. कुल्हडात चमचा घालावा तर वजनच लागत नाही. संपला की त्याच कुल्हडात गार केशरी दूध ओततात. ठठेरी बाजाराकडे सकाळी दहाच्या आत.

भटक्या६१

वर ताईंनी "नावेतून तिथे उतरू नका" लिहिलंय त्याला माझा शंभर टक्के दुजोरा. आम्ही वडिलांना घेऊन गेलो तेव्हा संध्याकाळची नाव केली होती. दशाश्वमेधाला परत सोडायचं ठरलं होतं. आरतीच्या गर्दीत नावाड्याने अलीकडच्याच एका घाटाला नाव लावली आणि "यहीं से पास पड़ेगा, बाबूजी" म्हणाला. अंधार, ओल्या पायऱ्या, वरचा दिवा बंद. वडील निम्म्यावर बसले. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, फक्त माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. ती पकड मी अजून विसरलो नाही. शेवटी पेरूची टोपली घेऊन चाललेल्या एका माणसाने टोपली खाली ठेवली आणि दुसरा हात धरला. तेव्हा उतरायचा घाट नावानिशी ठरवा आणि पैसे उतरल्यावर द्या.

बसबद्दल. ती दिवसभराची बस घाट दाखवतच नाही, दाखवू शकतही नाही. बनारस हिंदू विद्यापीठातलं विश्वनाथ मंदिर, दुर्गाकुंड, भारतमाता मंदिर, सारनाथ अशी लांबलांबची ठिकाणं ती करते आणि प्रत्येक जागी घाई करते. तुम्ही बस फक्त सारनाथसाठी घ्या. कँट स्टेशनसमोरून सिटी बस मिळते, साधारण दहा किलोमीटर. गर्दी वाटली तर रिक्षा करा. फक्त शुक्रवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. अशोकस्तंभाचे सिंह तिथे आहेत. १९०५ च्या उत्खननात सापडलेले हे चार सिंह, आपली राजमुद्रा. नोटेवर रोज बघतो तो आकार समोर सात फूट उभा असतो आणि त्याची झिलई अशी की खिडकीचा उजेड त्यात पडतो. वडील त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. निवृत्त तलाठी माणूस, आयुष्यभर त्याच मुद्रेच्या कागदांवर सह्या केल्या. सारनाथचं आवार सपाट आहे, हिरवळ आहे, बाकं आहेत. गुडघ्यांना सगळ्यात सोपा दिवस तोच. धमेख स्तूपाला सावकाश एक प्रदक्षिणा घाला. खालच्या पट्ट्यावर वेलबुट्टी कोरली आहे, ती जवळून बघा.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आजीच्या कळशीपाशी तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. औंधचं ऐकून तर तिला भरूनच आलं, तिचं आजोळ तिकडचंच.

मग असं ठरवतेय. पहिला दिवस अस्सी ते नमो घाट नाव, मग विश्रांती. दुसरा दिवस काळभैरव आणि पंचगंगा. तिसरा विश्वनाथ. चौथा सारनाथ, शुक्रवार टाळून. दोन शंका राहिल्या. दशाश्वमेधाची संध्याकाळची आरती सोडून द्यावी का? आणि आईला गंगेत पाय तरी बुडवायचे आहेत, ते कुठे सोयीचं?

ब्रह्माघाटची लेक

आरती सोडलीत तरी काही बिघडत नाही. अस्सीची पहाटेची तुम्ही बघणारच आहात. दशाश्वमेधाची आरती भव्य असते यात शंका नाही, पण तास-दीड तास आधी जाऊन जागा धरावी लागते, आणि सुटल्यावर हजारो माणसं एकाच वेळी गोदौलियाकडे निघतात. त्या लोंढ्यात काठी टेकायलासुद्धा जागा नसते. मी माझ्या आईला नेलं नाही.

पाय बुडवायला अस्सीच. नावेत बसायच्या आधी, शेवटच्या पायरीवर. शेवाळ असतं, म्हणून चप्पल काढली तरी पायमोजे घालूनच उभं राहू द्या, अनवाणी पाय घसरतो. ओले झाले तर बदलायला दुसरा जोड पिशवीत ठेवा, जानेवारीचं पाणी हाडापर्यंत लागतं. एका बाजूने तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूने नावाड्याला सांगा, "अम्मा को पकड़िए". तिथले मल्लाह म्हाताऱ्या माणसांचा हात फार जपून धरतात.

आणि पंचगंगेवर बसाल तेव्हा पाठ मशिदीकडे, तोंड पाण्याकडे करून बसा. डावीकडे पाहिलंत तर दुर्गा घाटाच्या पलीकडे हिरव्या गजांची एक खिडकी दिसेल. ते आमचं घर. भाचीला सांगून ठेवते, चहाला चढून जायची गरज नाही. ती किटली घेऊन खाली येईल.