घरावर मजला चढवावा की नाही?

अमळनेरकर:
आमचं घर वडिलांनी १९९६ साली बांधलं. तीन खोल्या, नऊ इंची भिंती, वर स्लॅब. आता वर ६०० चौरस फूट बांधून भाड्याने द्यावं असं मनात आहे. ठेकेदार फुटाला १,७०० म्हणतो, म्हणजे १० लाख २० हजार. ८ लाख कर्ज काढलं तर ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी हप्ता ८,१०० च्या आसपास बसतो. आमच्या गल्लीत दोन खोल्यांना ४,५०० च्या वर कोणी भाडं देत नाही. दोन वर्षांनी धाकट्याचं लग्न, तेव्हा जागा लागेलच. आई एकच म्हणते, "आधी पाया देख, पोऱ्या." काय करू?

चोपड्याहून:
दादा, आईचं ऐका. नऊ इंची भिंती म्हणजे बहुतेक कॉलम नसतील, सगळा भार भिंतींवर. आमचंही तसंच, आणि तेही काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; मे महिन्यात अंगणातल्या भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत जातो. कोणाला न विचारता आम्ही वर भिंती उभ्या केल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात खालच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली. पुट्टी भरली, पुन्हा उघडली. शेवटी बाहेरून कॉलम घेऊन बीम टाकले, अडीच लाख गेले. इंजिनिअरला बोलवा, कोपऱ्यावर खड्डा खणा, पाया किती खोल आणि कशावर टेकलाय ते डोळ्यांनी बघा. मगच ठेकेदाराशी बोला.

भुसावळची ताई:
जिना, टाकी, वेगळं मीटर, वाढीव घरपट्टी हे हिशेबात धरलंय का? जिना बाहेरूनच काढा. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, वरच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. आमचे भाडेकरू एप्रिलातच सोडून गेले. खालचं घर मात्र गार झालं, सासूबाईंना दुपारी झोप लागते आता. आणखी एक, घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी कागद नीट करा, नाहीतर परवानगी आणि कर्ज दोन्हीकडे अडाल. वर कोण, खाली कोण, हेही भावाशी आत्ताच बोला.

अमळनेरकर:
दादा, ताई, मनापासून आभार. भाड्याचा विचार सोडला. वर्षाचं भाडं ५४,००० आणि पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ७०,००० च्या घरात. आता धाकट्यापुरत्या दोन खोल्या, त्याही पाया टिकेल असं इंजिनिअरने सांगितलं तर. रविवारी खड्डा खणतोय. मागच्या कोपऱ्यात वडिलांनी लावलेला पेरू आहे, त्याच्या मुळांना धक्का न लावता.