मदत हवी आहे: दंडातलं गर्भनिरोधक इम्प्लांट कुणी बसवलंय का?
मैत्रिणींनो, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. दुसरं बाळ अजून अंगावर पितंय, ऑपरेशन इतक्यात नकोय. तांबी जावेला सोसली नाही, म्हणून मलाही धास्ती. डॉक्टरांनी दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी सुचवली. 3 वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, दूध पाजतानाही चालते. पण पाळी अनियमित होते, मधेच डाग दिसतात म्हणे. माझी अडचण तिथंच आहे. सासूबाईंचं सोवळं कडक, डाग दिसला की स्वयंपाकघर बंद!

ज्यांनी बसवलीय, त्यांना हा त्रास किती महिने झाला? कोल्हापुरात बसवणारं आणि मुख्य म्हणजे नीट काढून देणारं कोण आहे? सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) मिळते का? खर्चही सांगा.