औरंगजेबाने अजमेरजवळ लढाई का टाळली?

जानेवारी 1681. शहजादा अकबर राजपुतांना घेऊन बापावर चालून आला. बादशहाजवळ फौज तुटपुंजी. तरी पोरगा एका रात्रीत एकटा पडला. कसा काय?

— एका पत्रानं! राजपुतांना छान जाळ्यात आणलंस, अशी औरंगजेबानं अकबराला दिलेली शाबासकी. आणि ते पत्र मुद्दाम राजपुतांचा सरदार दुर्गादास राठोडच्या हाती पडू दिलेलं. तो विचारायला तंबूवर गेला, तर साहेब झोपलेले, उठवायची मनाई! राजपूत रात्रीतच निघून गेले.

— शेरशहानं 1544 मध्ये मारवाडचा राजा मालदेव राठोड याला असंच गंडवलं होतं. राठोडच, पुन्हा पत्रच. कमाल आहे.

— दुर्गादासाला डाव उशिरा कळला. मग तोच अकबराला संभाजीराजांकडे घेऊन आला. अकबराचा मुक्काम सुधागडाच्या पायथ्याशी होता; तिथं चहा पिताना मला दरवेळी हेच आठवतं.