जुनी सागवानी किचन कपाटं गडद करायचीत, स्टेन कसा मारावा?

रंकाळाकाठ: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुनं घर आहे आमचं, किचनची कपाटं सासऱ्यांनी पस्तीसेक वर्षांपूर्वी सुताराकडून घरीच करून घेतलेली, अस्सल सागवान. लाकूड अजून ठणठणीत, वाळवी नाही काही नाही, पण पॉलिश पिवळट पडलंय आणि गॅसवरच्या दारांना फोडणीचा चिकटा बसलाय. सगळे म्हणतात काढा आणि मॉड्युलर करा, मला काढायची नाहीत, अक्रोडाच्या गडद रंगात हवीत. एका पॉलिशवाल्यानं नमुन्याला एका दारावर तसाच स्टेन मारला तर डाग डाग दिसतंय आणि दोन दिवस झाले तरी बोटाला रंग लागतोय. स्टेन खराब की पद्धत चुकली? गणपतीच्या आधी उरकायचं होतं.

पॉलिशपेपर: पद्धत चुकली. स्टेन लाकडात मुरावा लागतो, जुन्या पॉलिशवर तो नुसता बसून राहतो. आधी पॉलिश कसलं आहे ते बघा की, दाराच्या आतल्या कोपऱ्यात कापसानं स्पिरिट चोळा, चिकट होऊन कापसाला तपकिरी लागलं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश आहे, ते स्पिरिटनंच उतरतं. नाही उतरलं तर थिनर, त्यानंही नाही तर पेंट रिमूव्हर. पण सगळ्यात आधी चिकटा काढा, भांड्याचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घालून पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि नीट वाळू द्या, नाहीतर घासताना तेच तेल लाकडात जातं. मग १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच, आडवा घासला तर ओरखड्यात स्टेन भरतो आणि जन्मभर दिसतो. १८० च्या पुढं जाऊ नका, लाकूड फार गुळगुळीत झालं की रंग कमी पितं. सागवान मुळात तेलकट, म्हणून स्टेनच्या आधी थिनरचं फडकं फिरवा. स्टेन फडक्यानं लावून जास्तीचा लगेच पुसायचा, गडद हवं तर दुसरा हात. आणि आधी दाराच्या आतल्या बाजूला लावून बघाच.

शाहूपुरीकर: दारांच्या मधल्या फळ्या सॉलिड आहेत का बघा. आमच्यात चौकट सागवानाची आणि मधे व्हिनियरचं, म्हणजे वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं, प्लाय निघालं, घासायच्या मशीननं एका ठिकाणी खालचं प्लाय उघडं पडलं, फार वाईट वाटलं. व्हिनियर हातानंच घासा.

पॉलिशपेपर: हे बरोबर. आणि गणपतीचा हट्ट सोडा, आपल्या पावसाळी हवेत स्टेनवर शेवटचं लॅकर किंवा मेलामाईनचं पॉलिश मारलं की पांढुरकं धुकं धरतं. दिवाळीनंतर करा. सिंक आणि गॅसजवळ पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या, पाणी-वाफ जास्त सोसतं. काम चालू असताना सिलिंडर बाहेर, खिडक्या उघड्या, किचनमध्ये देव्हारा असेल तर दिवासुद्धा दुसऱ्या खोलीत. थिनरची वाफ पेट घेते.

रंकाळाकाठ: आत्ताच स्पिरिट लावून बघितलं, कापूस तपकिरी झाला! खालचं लाकूड काय सुंदर आहे. फळ्या बहुतेक सॉलिडच, कडेला रेषा आरपार जाताहेत. आतले खणपण रंगवू का?

पॉलिशपेपर: आतून स्टेन नको, धान्य-मसाल्याला वास लागतो. नुसतं पुसून वाळवा. दारं काढताना मागं खडूनं नंबर घाला, जुन्या बिजागऱ्या दुसऱ्या चौकटीला बसत नाहीत.

रंकाळाकाठ: घालतो नंबर. पॉलिशवाल्याला दिवाळीनंतरच ये म्हणून आजच फोन करतो.