लग्नाच्या बँडमधून जॅझचा बिग बँड करायचाय, पण तिसरा ट्रंपेट रुसलाय

बँडमास्तरची लेक:

नमस्कार मंडळी. नाशकात भद्रकालीत आमचं बँडचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीला लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात मोठा ड्रम आणि ड्रमवर बाबांचा चहाचा कप. बाबा ४० वर्षं ट्रंपेट वाजवतायत. मी अंबडला एका कारखान्यात हिशेब बघते आणि सुट्टीच्या दिवशी टेनर सॅक्स वाजवते. वरातीत नाही, तिथे बाबा येऊ देत नाहीत. (त्यावर कधीतरी वेगळा धागा काढेन.)

गेल्या हिवाळ्यात बाबांना अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या जॅझ बँडचं एक जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हा तर आपलाच बँड आहे गं. फक्त खुर्च्यांवर बसलाय आणि नवरदेवाचा मामा मधे येऊन फर्माईश करत नाहीये." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

बिग बँडला साधारण १७ माणसं लागतात: ५ सॅक्सोफोन (२ आल्टो, २ टेनर, १ बॅरिटोन), ४ ट्रंपेट, ४ ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं पितळी वाद्य), शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम. आमच्याकडे ११ जण आहेत: ३ ट्रंपेट, २ क्लॅरिनेट, आल्टो एक, टेनर एक, २ युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य), साईड ड्रम, मोठा ड्रम. शेजारच्या दुकानातून एक ट्रंपेट आणि एक आल्टो उसना मिळतोय. एरवी दोन्ही दुकानांचं सुपाऱ्यांवरून जमत नाही, पण आषाढात सगळे सारखेच रिकामे. शरणपूर रोडला राहणारे एक काका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, ते पियानोला तयार आहेत. बास गिटारला चुलतभाऊ. दुसरी टेनर मी. ट्रॉम्बोन शून्य.

वेळही मोजकाच. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात लग्नं नसतात, म्हणून माणसं मोकळी. त्यात गणपती आणि नवरात्र वजा करा. दोघे जण दिंडोरीकडचे, ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी लागली की ते बागेत. थोडक्यात, जुलै आणि ऑगस्ट.

ट्रॉम्बोनचं काय करू, हा एक प्रश्न. दुसरा, नोटेशन फक्त तिघांना वाचता येतं. बाकीचे कानाने वाजवतात आणि फार तर सारेगम वाचतात. कानाने म्हणजे कसं, तर सकाळी रेडिओवर गाणं ऐकायचं आणि संध्याकाळी वरातीत वाजवायचं, अंतऱ्यासकट. एवढी तयारी असलेल्या माणसाला कागदापुढे बसवताना मलाच ओशाळायला होतं.

तिसरा प्रश्न मात्र अवघड आहे. वरातीत सगळे मिळून एकच चाल वाजवतात. बिग बँडमध्ये चार ट्रंपेट चार वेगळे सूर धरतात. पहिला चाल वाजवतो, उरलेले तिघे त्याच लयीत त्याच्याखालचे सूर भरतात. आमचे तिसरे ट्रंपेट म्हणजे ६१ वर्षांचे एक काका, ज्यांच्या आवाजावर घोडी पाऊल उचलते. पहिल्या तालमीला त्यांनी आठ मात्रा वाजवल्या, ट्रंपेट मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, याच्यात गाणं कुठंय? मी दोन सूर नुसते खालीवर करतोय. ही शिक्षा कशाबद्दल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या तालमीला ते आले नाहीत. दाढ दुखते असा निरोप आला. दाढ वगैरे काही नाही, मला माहितीये.

सातपूरकर:

ताई, मन मोडायचं नाही, पण हे ऐकणार कोण? आमच्या कॉलनीत मागच्या लग्नाला बँडवाल्यांना अर्ध्या तासात बाजूला करून डीजे लावला. ज्यांचं ट्रंपेट फुकट वाजत असताना लोक थांबत नाहीत, त्यांना तिकीट काढून कोण ऐकेल? १७ जणांचा चहा-वडापावच केवढ्याला पडेल, हिशेब तुम्हीच बघता.

बँडमास्तरची लेक:

दादा, चहा-वडापाव माझ्या पगारातून. तिकिटाचं मी अजून बोललेच नाही.

कॅम्पातला फौजी:

मी फौजेच्या बँडमध्ये २२ वर्षं युफोनियम वाजवलं, आता देवळाली कॅम्पात घर आहे. तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देतो बेटा.

युफोनियमची नळी पुढेपुढे रुंद होत जाते म्हणून आवाज गोल निघतो. ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकाच मापाची, म्हणून त्याला धार. खालच्या सुरांना युफोनियम छान चालेल, पण ट्रंपेटवाल्यांच्या अंगावर धावून जायचं असेल तिथे ते मऊ पडेल. उपाय म्हणजे वॉल्व्ह ट्रॉम्बोन शोध. त्याला सरकती नळी नसते, तीन खटके असतात, आणि बोटं युफोनियमचीच चालतात. याला कमी समजू नकोस. ड्यूक एलिंग्टनच्या नावाजलेल्या जॅझ बँडमध्ये हुआन टिझोल वर्षानुवर्षं वॉल्व्ह ट्रॉम्बोनच वाजवायचा. तोवर चार ट्रॉम्बोनच्या जागी युफोनियमला दोनच ओळी लिही, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची. बॅरिटोन सॅक्स यंदा विसर.

क्लॅरिनेटवाल्यांना मात्र कोपऱ्यात बसवू नको. ग्लेन मिलरच्या बँडचा जो खास आवाज होता, तो सॅक्सच्या वर क्लॅरिनेटला चाल देऊनच आला, आणि तीच चाल एक सप्तक खाली टेनरवर. तुझ्याकडे दोन्ही आहेत.

आता कागद. सारेगम लिहितेस तर बिनधास्त लिही, फक्त पट्टी ठरवून. हार्मोनियमच्या काळी पाचचा सा धरला तर ट्रंपेट, टेनर आणि क्लॅरिनेटवाल्याला तो त्याच्या पांढरी एकच्या बोटांनी निघतो. आल्टोवाल्याला त्याच सासाठी पांढरी पाचची बोटं लागतात. ऑर्गनवाले काका आणि बास गिटार खरोखरची काळी पाच वाजवतील. ही तीन वाक्यं भिंतीवर चिकटव, म्हणजे पहिल्या दिवशीची निम्मी भांडणं वाचतील. क्लॅरिनेट काळी पाचचंच आहे ना, ते तेवढं बघून घे. लहान जातीचं निघालं तर त्याचं गणित आल्टोसारखं.

पंचवटीचा तबलजी:

कागदावर स्विंग, म्हणजे जॅझची डोलती लय, येत नाही हो ताई. दोन सूर बरोबरीचे लिहिलेले असतात आणि वाजतात लांब-आखूड.

साईड ड्रमवाल्या दादांना असं सांगा. एका मात्रेचे तीन भाग करायचे. पहिला सूर दोन भाग खातो, दुसऱ्याला एकच उरतो. केरवा तिस्र जातीत धरला की हातात हेच येतं. एक गंमत, लय जलद झाली की हा लांब-आखूडपणा कमी होत जातो, तेव्हा सगळीकडे तीनाचा हिशेब ठोकत बसू नका.

वरातीचा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर दणका देतो, कारण माणसं नाचताना तिथे पाय आपटतात. इथे दुसऱ्या आणि चौथ्यावर ड्रमसेटची पायाने वाजायची झांज मिटते. ही सवय मोडायला आमच्या एका ढोलवाल्या मित्राला दोन महिने लागले होते, तेही रोज शिव्या खाऊन. तुमचे दोन ड्रमवाले आहेत ते एका ड्रमसेटवर एकच बसेल. दुसऱ्याचा मान कसा राखणार ते आत्ताच ठरवा, नाहीतर त्यांचीही दाढ दुखेल.

दादरचा म्हातारा:

बाई, तुमच्या तिसऱ्या ट्रंपेटवर लिहायला बसलो. बाकीचं जुळेल.

मुंबईत १९३५ साली अमेरिकेतल्या लिऑन अॅबीचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पुढे पियानोवाला टेडी वेदरफर्डही तिथेच वाजवत होता. वेदरफर्डच्या बँडमध्ये आणि मागून उभ्या राहिलेल्या आपल्या बँडमध्ये खुर्च्या भरल्या त्या गोव्याच्या वादकांनी. चिक चॉकलेट हे त्यातलं गाजलेलं ट्रंपेट. दारूबंदीच्या दिवसांत हॉटेलांचं काम आटलं आणि सिनेमाचा ऑर्केस्ट्रा हाच मोठा आधार राहिला. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो पितळी आवाज आहे तो या मंडळींचा. आणि रामचंद्र कुठले? पुणतांब्याचे. तुमच्यापासून काही लांब नाही.

ही मंडळी एवढी का लागायची? नुसतं नोटेशन येत होतं म्हणून नाही. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरगं लहानपणापासून चार आवाजांत गायला शिकायचं. मधला आवाज त्याच्या वाट्याला आला तरी त्याला अपमान वाटायचा नाही, कारण मधला आवाज काय करतो ते त्याच्या कानाला ठाऊक असायचं. तुमच्या काकांच्या कानाला ते कोणी ऐकवलेलंच नाही. त्यांनी तरी काय करावं?

एक करा. त्यांना बोलवा, पण वाजवायला नाही, नुसतं ऐकायला. बाकी तिघा ट्रंपेटवाल्यांना सा, प आणि कोमल नी धरायला लावा. पोकळ वाटेल. सूर आनंदात आहे की दुःखात, कळणार नाही. मग काकांना सांगा, यात गंधार लावा. आधी शुद्ध, मग कोमल. पुढचं तुम्ही बोलू नका.

बँडमास्तरची लेक:

दादरच्या आजोबा, काल केलं.

काका आले. दाढेचं विचारलं तर म्हणाले, बरी आहे. बाकीच्या तिघांनी सा-प-नी धरलं. बाहेर पाऊस, आत पितळेचा घमघमाट, आणि तो पोकळ आवाज. बाबा म्हणाले, "आमटीत मीठ नाही." काकांनी न सांगता ट्रंपेट उचलला आणि शुद्ध गंधार लावला. खोली एकदम उजळल्यासारखी झाली, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मग त्यांनी स्वतःहूनच तो कोमल केला, परत शुद्ध केला, परत कोमल. पाच मिनिटं हाच खेळ. बाकी तिघांचा दम संपला तरी थांबेनात.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं माझ्या हातात आहे तर कागदावर 'ट्रंपेट तीन' कशाला लिहिलंय? गंधार लिही."

म्हणून आता त्यांच्या कागदावर 'गंधार' लिहिलंय. दुसऱ्याच ओळीत त्यांच्याकडे धैवत आहे, पण ते मी दाखवून दिलेलं नाही. आज सकाळी पहिले ट्रंपेट दुकानात येऊन विचारून गेले, माझ्या कागदावर नुसता आकडा का.

तबलजी दादा, मोठ्या ड्रमवाल्यांना झांजा आणि खुळखुळा दिलाय, शिवाय तालमीची घंटा त्यांच्या ताब्यात. सध्या खूश आहेत. स्विंग अजून लंगडतोय. आठ मात्रा बरोबर जातात आणि नवव्याला वरात निघते.

फौजी काका, एक क्लॅरिनेट लहान जातीचंच निघालं. बरं झालं सांगितलंत. वॉल्व्ह ट्रॉम्बोन कोणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कळवा, भाड्याने घेईन. कागदाचे स्टँडही चार-पाच हवेत. तूर्त पुढच्याच्या खुर्चीच्या पाठीला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने कागद लावतोय आणि पुढचा माणूस श्वास घ्यायला मागे रेलला की मागच्याची ओळ दिसेनाशी होते.